गासड्या मोठ्या, माणसे लहान

नरकचतुर्दशीच्या पहाटे उंबऱ्यावर लावलेल्या पणतीतली वात कोणी वळली, हे घरात सर्वांना ठाऊक असते. आजी असेल तर आजीने, नसेल तर आईने. पण त्या वातीचा कापूस कोणी वेचला हे कोणाला ठाऊक नसते, आणि ऐन सणाच्या दिवशी तसली चौकशी करीत बसणे बरेही दिसत नाही. मी मात्र गेले वर्षभर नेमकी तीच चौकशी करीत आहे. ती शेतात जाऊन नव्हे, चित्रांत डोकावून. एकोणिसाव्या शतकातील सचित्र साप्ताहिकांत कापूस वेचणाऱ्या, वाहणाऱ्या, पिंजणाऱ्या माणसांची जी चित्रे छापून आली, ती जमवून निरखीत बसण्याचा मला नाद लागला आहे.

निमित्त घडले ते एका कादंबरीचे. १८६४-६५ सालच्या मुंबईतील शेअरांच्या वेडावर मी एक कादंबरी लिहायला घेतली. कथानक जुळले, पात्रे उभी राहिली. परंतु कुलाब्याच्या मैदानावर गासड्या उचलणारा माझा हमाल अंगात काय घालीत असेल, डोक्याला काय गुंडाळीत असेल, हे काही केल्या समजेना. शेटजींची पागोटी आणि अंगरखे यांची चित्रे हवी तेवढी सापडतात. हमाल काही सापडत नाही. शोधता शोधता 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या विलायती साप्ताहिकाचे एक पान दृष्टीस पडले. ते ऑगस्ट १८६२ मधील आहे. मुंबईच्या रेल्वे स्थानकावर, म्हणजे आपल्या बोरीबंदरावर, विलायतेला जाण्यासाठी येऊन पडलेल्या कापसाचे ते चित्र आहे. गासड्यांचे ढीगच्या ढीग. आणि त्यांच्या अवतीभवती मुंग्यांसारखी माणसे. माझा हमाल त्यांत कुठे तरी असणार. पण त्याचे पागोटे म्हणजे एक ठिपका आणि त्याचे तोंड म्हणजे दोन रेघा!

मी मॅट्रिकपुढे न गेलेला शाळामास्तर. इतिहासाचा पंडित म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. पण वर्गात मुलांना चित्रे दाखविता दाखविता एक सवय लागते. चित्रात काय आहे ते विचारून झाले, की काय नाही ते विचारावेसे वाटते. हे चित्र मी सातवीच्या वर्गात नेले. "काय दिसते?" म्हणून विचारले. "गाठी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. कोणी त्या मोजायलाही लागले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचे वडील गोदामात माथाडी आहेत, तेवढी म्हणाली, "सर, ह्या माणसांना तोंडं का नाहीत?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ही चित्रे कशी तयार होत ते आधी सांगावे लागेल. त्या काळी फोटो काढता येई, पण तो जसाच्या तसा मजकुरासोबत छापता येत नसे. ती सोय १८८० नंतर हळूहळू आली. तोवर सारे काम लाकडावर चाले. कोणी तरी जागेवर बसून कच्चे रेखाटन करी, किंवा फोटो पाठवी. ते जहाजाने लंडनला किंवा न्यू यॉर्कला जाई. तेथे बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर ते उलटे उतरवून घेत. मोठे चित्र असेल तर अनेक लहान ठोकळे पाठीमागून पेचांनी आवळून एक केलेले असत. रेखाटन उतरले की पेच सोडून एकेक ठोकळा एकेका कारागिराला वाटून देत, म्हणजे काम एका रात्रीत उरके. आभाळ एकाने कोरायचे, झाडे दुसऱ्याने, घरे तिसऱ्याने. चेहरे कोरण्याचे काम मात्र उस्तादाकडे असे, कारण त्याला मजुरी अधिक पडे. सारे ठोकळे पुन्हा आवळले की छपाईला तयार! ज्याने हमाल कोरला त्याने मुंबई कधी पाहिलेली नसे आणि ज्याने गासडी कोरली त्याला हमाल शेजारच्या ठोकळ्यावर आहे याचा पत्ता नसे. उस्तादाचे हात कोणाच्या चेहऱ्यासाठी खर्च करायचे, हा अखेर पैशाचा प्रश्न होता.

पण लंडनच्या साप्ताहिकाने मुंबईच्या गासड्यांना एवढी जागा मुळात दिली कशाला? कारण तोवर विलायतेला जो कापूस लागे, त्याचा सुमारे पाऊण-चार पंचमांश भाग अमेरिकेहून येत असे. एप्रिल १८६१ मध्ये तेथे दक्षिण आणि उत्तर यांच्यात यादवी जुंपली. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लक्षावधी कामगार फुकटच्या अन्नासाठी रांगा लावून उभे राहिले. त्या रांगांचीही चित्रे त्याच साप्ताहिकात १८६२ साली आली आहेत. तेव्हा बोरीबंदरावरील गासड्यांचे ते चित्र म्हणजे विलायतेच्या वाचकाला दिलेला धीर होता. घाबरू नका, हिंदुस्थानातून माल येतो आहे! धीर द्यायचा होता तो मालाचा. माणसांना त्यात काम नव्हते.

याच्या आधीची, म्हणजे युद्धापूर्वीची, कापसाची चित्रे बहुतेक अमेरिकेतील. ती पाहिल्यावाचून आपल्या चित्रांचा साचा कळत नाही. म्हणून थोडा वेळ वाचकांना सातासमुद्रापलीकडे नेतो.

१८६० साली अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. विकत घेता येणारी, गहाण ठेवता येणारी, मृत्युपत्रात वाटून देता येणारी माणसे. त्यांतली फार मोठी संख्या कापसाच्या मळ्यांवर राबे. त्याच दशकात तेथे सचित्र नियतकालिकांची लाट आली होती. 'हार्पर्स' मासिक १८५० चे, 'फ्रँक लेस्लीज' १८५५ चे, 'हार्पर्स वीकली' १८५७ चे. मार्च १८५४ च्या 'हार्पर्स' मासिकात टी. बी. थॉर्प याचा कापसाच्या लागवडीवर मोठा सचित्र लेख आहे. बॉस्टनच्या 'बॅलूज पिक्टोरियल'ने १८५८ साली जॉर्जियाच्या मळ्यावरील वेचणीचे चित्र छापले. अशी चित्रे एकामागून एक पाहत गेले की त्यांचा साचा डोळ्यांत भरतो. पांढरेशुभ्र शेत, त्यात ओळीने वाकलेल्या आकृती, हातात टोपल्या, आणि कोठे तरी घोड्यावर ताठ बसलेला मालक नाही तर मुकादम. वाकलेल्यांची पाठ दिसते, बसलेल्याचे तोंड. सारे कसे शांत, टापटिपीचे, जणू एखाद्या सहलीचे चित्र. शेतीचे पुस्तक चाळणाऱ्या माणसाला वाटावे की येथे कोणाला काही दुखतखुपत नाही.

यामागे संपादकांचा हिशेबही होता. वर्गणीदार उत्तरेत तसे दक्षिणेतही होते. मळेवाल्या वर्गणीदाराला दुखवून कसे चालेल? 'हार्पर्स वीकली' युद्धापूर्वी गुलामगिरीविषयी इतके जपून बोले, की टीकाकारांनी त्याचे नावच फिरवले. 'वीकली' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने बदलले की त्याचा अर्थ 'दुबळेपणाने' असा होतो. उच्चार तोच, अर्थ वेगळा. मौज अशी की ही कोटी मराठीत आणता येत नाही, पण असे नियतकालिक दाखवायला मराठीत फार शोधावे लागत नाही. असो.

त्या चित्रांत जे नाही ते सॉलोमन नॉर्थपच्या पुस्तकात आहे. हा न्यू यॉर्ककडचा जन्माने स्वतंत्र असलेला काळा गृहस्थ. १८४१ साली त्याला फसवून पळवले आणि लुईझियानात विकले. बारा वर्षांनी सुटल्यावर १८५३ साली त्याची हकीगत पुस्तकरूपाने निघाली. तीत तो वेचणीचा दिवस सांगतो. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला चाबकाच्या धाकाने होईल तितके भरभर वेचायला लावीत. संध्याकाळी वजन करीत. तेवढे वजन त्याच्या नावावर कायमचे चढे. दुसऱ्या दिवसापासून त्याहून कमी भरले की फटके. साधारण माप दिवसाला २०० पौंडांचे, म्हणजे जवळजवळ ९० किलोचे. कमी भरले तर मार ठरलेला. आणि चुकून दहा-वीस पौंड जास्त भरले तर उद्यापासून तेच माप होण्याची भीती. म्हणून दिवसभर राबून दमलेला माणूस टोपली घेऊन वजनकाट्याकडे जाताना पोटात गोळा घेऊनच जाई. सचित्र मासिकांत पांढरे शेत आहे, टोपली आहे. पण वजनकाट्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे तोंड नाही. कापसाच्या कहाणीतला सर्वांत भीतीचा क्षण तोच, आणि तोच नेमका गाळलेला.

मुद्दाम तसे चित्र काढायला गेलेल्या एका चित्रकाराची गंमत, गंमत म्हणवत नाही पण सांगतो. आयर क्रो हा तरुण इंग्रज चित्रकार प्रसिद्ध कादंबरीकार थॅकरे याचा चिटणीस म्हणून अमेरिकेला गेला होता. (थॅकरेचा जन्म आपल्या कलकत्त्याचा.) मार्च १८५३ मध्ये तो रिचमंड शहरी गुलामांच्या लिलावघरात गेला. बाकावर स्वच्छ कपडे घालून विक्रीसाठी बसवलेल्या बायका, त्यांची पोरे, एक पुरुष. ह्याने वही काढली आणि रेखाटू लागला. व्यापाऱ्यांच्या ते ध्यानात येताच बोली थांबली. सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि क्रोला वही गुंडाळून बाहेर पडावे लागले. तेथून बायकामुले खरेदी करून दक्षिणेला कापसाच्या मुलखात नेत. त्या काही दशकांत अशी सुमारे १० लाख माणसे जुन्या संस्थानांतून कापसाच्या संस्थानांकडे हलवली गेली असे इतिहासकार सांगतात. क्रोची रेखाटने सप्टेंबर १८५६ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये आली आणि त्यावरून केलेले मोठे तैलचित्र १८६१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत टांगले गेले. त्यातली माणसे लहान नाहीत. प्रत्येकीला चेहरा आहे आणि प्रत्येक चेहऱ्यावर वेगळे काही चाललेले आहे. लिलाव करणाऱ्यांना माणसाची किंमत करणे चालत होते, त्याचा चेहरा वहीत उतरवून घेणे चालत नव्हते!

युद्ध सुरू झाले आणि 'हार्पर्स वीकली'चा जपून बोलण्याचा हिशेब संपला. दक्षिणेचे वर्गणीदार गेलेच होते. ४ जुलै १८६३ च्या अंकात त्याने गॉर्डन नावाच्या एका गुलामाची तीन चित्रे छापली. लुईझियानाच्या मळ्यावरून पळालेला, कुत्र्यांना वास लागू नये म्हणून अंगाला कांदा चोळीत नदीनाले ओलांडून उत्तरेच्या छावणीत पोहोचलेला माणूस. एका चित्रात तो चिंध्या पांघरून बसला आहे, एकात शिपायाच्या पोशाखात आहे. मधल्या चित्रात त्याने आपली उघडी पाठ दाखविली आहे. चाबकाच्या वळांनी ती अशी उठली आहे, की झाडाची साल वाटावी. ती तिन्ही चित्रे एकाच माणसाची नसावीत, साप्ताहिकाने दोघांची हकीगत एक केली असावी, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात. ते खरे असेल. पण पाठ खरी होती. ती फोटोवरून कोरलेली होती. दहा वर्षे शेतात वाकलेल्या पाठी छापून झाल्यावर ती पाठ पहिल्यांदा जवळून दिसली.

इकडे मुंबईत काय चालले होते? इकडे सोन्याचा पाऊस पडत होता. कापसाचे भाव दुपटी-तिपटीने आणि मग चौपटीने चढले. जुन्या गाद्या-उशा उसवून लोकांनी कापूस विकल्याच्या गोष्टी दिनशा वाच्छांसारख्या त्या काळच्या जाणकारांनी सांगून ठेविल्या आहेत. खानदेश-वऱ्हाडकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या अशी आख्यायिका आहे. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या व्यापारावर जो जास्तीचा नफा झाला, त्याचा अंदाज ७० ते ८० कोटी रुपयांच्या घरात करतात. तेवढ्या पैशाला जागा कोठे? मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या. बॅक बेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद यांच्या घरापुढे सकाळपासून माणसांची रीघ लागे. गुजरातेतून येणारा लोहमार्ग नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबईला येऊन भिडला. तो आमच्या बोरीवलीतूनच गेला आहे. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली रोजची गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्या गावाचे नाव 'बेरेवला' असे लिहिले गेले. आज ज्या रुळांवरून माणसे दारात लोंबकळत जातात, त्या रुळांवरून सुरत-भडोचचा कापूस ऐसपैस बसून जात असे.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. मुंबईत ती बातमी येताच भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस आला आणि काल गाडीघोड्यातून हिंडणारे दिवाळखोर झाले. ही कथा वाचकांनी पुष्कळदा वाचली असेल. माझी कादंबरीही तिच्यावरच आहे, म्हणून येथे लांबवीत नाही.

त्या कथेत जो येत नाही, तो कापूस पिकविणारा. त्याच्याबद्दल विलायतेत एकच गोष्ट बोलली जाई: तो लबाड आहे. हिंदुस्थानी कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला. देवा, कापूस धाड, पण सुरत नको, अशी प्रार्थना लँकेशायरचा विणकर करी असे सांगतात. भेसळ होत होती यात संशय नाही. सरकी, माती, पाणी घालून वजन वाढविले जाई, आणि १८६३ साली मुंबई सरकारने त्यासाठी खास कायदाही केला. पण शेतकऱ्याच्या खळ्यापासून कुलाब्याच्या मैदानापर्यंत सावकार, आडत्या, दलाल, वखारवाला असे किती हात मध्ये लागत! चांगल्या मालाला चांगला भाव शेतकऱ्याच्या पदरात कधीच पडत नसे, तर त्याने निवडून वेचण्याचे कष्ट का घ्यावे?

याच्या आधी, १८४० साली, कंपनी सरकारने एक नवा प्रयोग करून पाहिला होता. कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्याला अमेरिकेला पाठवून तेथून दहा मळेवाले आणविले. त्यांनी येथील कुणब्यांना अमेरिकन पद्धतीची शेती शिकवावी असा बेत होता. धारवाडकडे अमेरिकन जातीचा कापूस रुजला, हे त्यातले यश. बाकी बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला. पाऊसपाणी निराळे, जमीन निराळी ही कारणे आहेतच. पण मला वाटते, हे गुरुजी ज्या शाळेत शिकले होते तेथे एका चाबकाच्या भरवशावर शंभर हात एकदम हलत. येथे प्रत्येक हाताचा मालक निराळा, निदान नावाला तरी.

'नावाला तरी' हे शब्द मी विचार करून लिहितो. आपल्याकडचा कापूस वेचणारा गुलाम नव्हता. त्याच्या पोराला बाजारात विकता येत नसे. १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता येथे संपविली होती. दोन्हींना एका मापाने मोजणे हा त्या ४० लाखांवर अन्याय होईल. परंतु वेठ होती, सावकाराची वही होती, आणि जन्माबरोबर चिकटणारी जात होती. त्यांची चित्रे कोण काढणार? परदेशी चित्रकार साष्टीत येत, आमच्या शेजारच्या कान्हेरीपर्यंत येत, ते लेणी काढायला. डॅनियल काका-पुतण्यांनी येथली लेणी मोठ्या प्रेमाने काढली आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी भात लावणारी माणसे त्यांच्या कागदावर आली, तर ती लेणे किती उंच आहे हे समजावे म्हणून!

युद्ध संपल्यावर चार वर्षांनी, डिसेंबर १८६९ मध्ये, 'हार्पर्स वीकली'मध्ये एक चित्र आले. चित्रकार डब्ल्यू. एल. शेपर्ड, नाव 'पहिले जिन'. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे यंत्र. चित्रात काळे गुलाम ते फिरवीत आहेत, खुशीत आहेत, आणि मागे मालक रुई चाचपून पाहत आहेत. मजा पाहा. एली व्हिटनीचे १७९३ चे जे नामांकित जिन, त्याला तारेचे दात होते. चित्रातले यंत्र ते नव्हेच. ती दोन लाटांमधून कापूस ओढून घेणारी चरकी आहे, आणि चरकी तर आपल्या देशात शतकानुशतके घरोघर फिरत होती. तिच्याही आधीची एका लाटेची तऱ्हा अजिंठ्याच्या भिंतीवर, पाचव्या शतकातल्या एका चित्रात, अभ्यासकांना आढळली आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या स्त्रिया तेथे रंगविल्या आहेत. म्हणजे कापसाचे काम करणारीला चेहरा देणारा चित्रकार आपल्याकडे चौदाशे वर्षे आधी होऊन गेला होता. मधल्या काळात त्याचा धंदा बंद पडला असावा. शेपर्डच्या चित्राबद्दल मला खटकते ते निराळेच. गुलामी कायद्याने संपली होती, गॉर्डनची पाठ छापून सहा वर्षे झाली होती, आणि त्याच साप्ताहिकात गुलाम पुन्हा हसू लागले होते.

आणि आपल्याकडे? कापूस उतरला आणि विलायती साप्ताहिकांना आपला शेतकरी दिसेनासा झाला. तेजीत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते. मंदीत त्याने ते आवळले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जाच्या वह्या काढून जाळल्या. ते लोण अहमदनगरपर्यंत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारणे शोधताना अमेरिकन युद्धाच्या तेजीपर्यंत माग काढला. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला, आणि आता मात्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने आमच्या माणसांना मोठे केले. १८७७ च्या पानांवर बरगड्या मोजता येतील अशी माणसे आहेत, अगदी पुढ्यात बसलेली. त्यांच्यासाठी उस्तादाचे हात परवडले. घरात कापूस होता तेव्हा माणूस दोन रेघांचा. घरात काहीच उरले नाही तेव्हा तो चित्राचा विषय झाला.

मिसिसिपीच्या काठी कापूस वेचणारा आणि आपल्याकडचा राबणारा यांच्यात काही नाते आहे, हे छापून सांगणारा गृहस्थ चित्रकार नव्हता. १८७३ साली पुण्याच्या जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छाही त्यांनी तेथेच व्यक्त केली. लक्षात घ्या, हे ज्या वर्षी लिहिले त्या वर्षी मुंबईत अमेरिकन युद्धाची आठवण निघाली की ती बुडालेल्या शेअरांची निघत असे. एका माणसाने त्या युद्धातून भाव सोडून माणूस उचलला.

चित्र कसे दिसते याचे भानही जोतिरावांना होते. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. हिरेमाणके घातलेल्या पाहुण्यांत हे शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले आणि राणीच्या मुलाला सांगते झाले, की ही झगमगणारी मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तो पाहायचा असेल तर खेड्यात चला. कोणी आपले चित्र काढत नाही म्हटल्यावर हा माणूस स्वतःच चित्र होऊन पुढे उभा राहिला!

त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. कापूस आता लंडनला न जाता परळ-भायखळ्याच्या गिरण्यांतही जाऊ लागला होता, आणि तेथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणारी माणसे कोकणातून आणि घाटावरून आली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. 'दीनबंधु' पत्रात ते ह्याविषयी लिहीत राहिले. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. 'दीनबंधु' काही सचित्र नव्हे; पण त्यात हा कामगार बोलत होता. त्याला किती वाजता उठावे लागते, किती दंड होतो, पगार किती दिवस अडकवून ठेवतात, हे सारे त्यात आले.

वेचणीचे काम मात्र आजही हातानेच चालते. दिवाळीच्या सुमारास खानदेशात, मराठवाड्यात, वऱ्हाडात बोंडे फुटतात आणि बायका कमरेला ओटी बांधून शेतात उतरतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर काटा लागतो. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी असतात आणि नखांच्या मुळाशी ती कशी लागतात, हे वेचणाऱ्या बाईची बोटे पाहिल्याशिवाय कळत नाही. नॉर्थपच्या पुस्तकातला चाबूक येथे नाही, काटा आहे.

क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर दगडात कोरलेली काही माणसे आहेत. मार्केट बांधले ते तेजी ओसरल्यावर, १८६५ ते १८६९ या काळात. कोरीव काम जे. जे. कलाशाळेतील लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यानुसार झाले आहे. फटाके आणि सुकामेवा घ्यायला वाचक ह्या दिवसांत तिकडे जातीलच; आत शिरण्यापूर्वी जरा वर पाहावे. शेतात राबणारी माणसे आहेत ती, आणि त्यांना चेहरे आहेत. खाली पाटीवर नाव आहे महात्मा जोतिराव फुले मंडई. माणसे गव्हाच्या शेतातली आहेत, कापसाच्या नव्हेत.